रिकाम्या हातानं नाव घेऊ नये

"मास्तरीण, तुला माणसाला हात लावता येत न्हाई."

गयामावशी माझ्याशी बोलली ते हे पहिलं वाक्य. आश्रमातल्या नोकरीचा माझा पहिला दिवस, पहिलाच तास, आणि तेही न्हाणीघराच्या दारात, चार जणींच्या देखत. माझ्या मनगटावर नखांचे ताजे ओरखडे होते आणि नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. मी मुखेडची. डी.एड. करून शिक्षक भरतीची वाट बघता बघता तिशीला टेकले. स्थळं चहा-पोहे खाऊन परत गेली. शेवटी वैतागून नांदेडला म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायचा एक कोर्स केला आणि लातूरच्या या वृद्धाश्रमात लागले. "शाळा नाही मिळाली तर राहू दे, म्हातारी माणसं म्हणजे दुसरी लेकरंच," असं आई म्हणाली होती. म्हणायला काय जातं!

झालं होतं असं. सुशीलाबाई नावाच्या आजींना आंघोळ घालायचं काम मला दिलं होतं. बाईंची आठवण जवळजवळ गेलेली. दोन्ही मुठी आवळून त्या पाटावर बसल्या होत्या. मी शिकवल्याप्रमाणे पाणी कोपरानं तपासलं, "सुशीलाबाई, आपण आंघोळ करू हं," असं गोड आवाजात म्हटलं आणि त्यांच्या दंडाला धरलं. त्यांनी मला असं ओरबाडलं की तांब्या सांडला आणि माझा कोरा कोट भिजला.

मावशीनं तांब्या उचलला. ती सुशीलाबाईंच्या समोर उकिडवी बसली. साठी ओलांडलेली बाई, पण बसायची अशी की गुडघे नावाची भानगड तिला माहीतच नसावी. कनवटीतून तिनं गुळाचा खडा काढला आणि हळूच म्हणाली, "बने… ए बने. हे बग काय आणलंय तुला."

सुशीलाबाईंनी मान वर केली. एक मूठ उघडली. गूळ तोंडात गेला आणि त्या गालातल्या गालात हसायला लागल्या. नंतर अंगावर पाणी पडलं तरी त्यांनी हूं की चूं केलं नाही.

"बनी कोण?" मी नंतर विचारलं. राग होताच, पण उत्सुकता जास्त होती.

"तीच की. माहेरची बनाबाई. लग्नात सुशीला केलं. कागदावर सुशीला हाय, पर आत बनीच बसलेली हाय. तू कागदाला हाक मारायलीस."

आमच्या भागात लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत जुनी. सासरी त्याच नावाची जाऊ किंवा नणंद असली तर बदलायचंच, नसली तरी बदलायचं. ताटातल्या तांदळात नवरा अंगठीनं नवं नाव लिहायचा आणि जुनं नाव माहेरी राहायचं. आई-बाप गेले, भाऊ गेले की ते नाव घेणारं कुणी उरायचं नाही. म्हातारपणी डोकं रिकामं व्हायला लागलं की मात्र ते उलटं रिकामं होतं. आधी कालचं जातं, मग मुलांची लग्नं जातात, मग नवरा जातो, सासर जातं. शेवटी उरते ती परकर नेसलेली पोर. तिला सुशीलाबाई कोण, हे कसं कळावं?

हे मला नंतर उमगलं. मावशीला ते कसं उमगलं होतं, कुणास ठाऊक. ती निलंग्याकडे दिलेली, तरणेपणी विधवा झालेली, पोरबाळ नसलेली. आधी आश्रमाच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापायला आली आणि मग म्हाताऱ्यांची होऊन गेली. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत राहायची. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, दाताला मिशेरी, आणि कनवटीला कायम काहीतरी बांधलेलं. गूळ, फुटाणे, खारीक, कधी लिमलेटची गोळी. लुगडं धुवायला काढलं की त्यातून मुंग्या निघायच्या.

तिचे दोन नियम होते. पहिला, नाव घेतल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाही. दुसरा, रिकाम्या हातानं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की हातावर काहीतरी ठेवायचंच, मग फुटाण्याचा एक दाणा का असेना. आणि कामासाठी, रागावण्यासाठी नाव कधीच घ्यायचं नाही. कुणाला उठवायचं असलं, रांगेत बसवायचं असलं, तर ती टाळी वाजवायची. मलाही टाळीच. मी चिडायचे. "मावशी, मला नाव आहे. कांचन. मी काय कोंबडी आहे का, टाळी वाजवून बोलवायला?"

"कोंबडीला बी नाव घेऊन कापू नये," ती म्हणायची. 

ती काही देवमाणूस नव्हती, हेही सांगून टाकते. तोंडाची फटकळ, हट्टी, आणि औषधपाण्याच्या बाबतीत तर नुसता आनंद होता. साखरेच्या आजाराच्या आजींना ती बिनधास्त गूळ चारायची. मी साखर तपासून आकडा दाखवला तर म्हणाली, "माहेरच्या गुळानं साखर वाढत न्हाई." यावरून आमचं असं कडाक्याचं भांडण झालं की आश्रमाचे व्यवस्थापक बिराजदारकाका मध्ये पडले. शेवटी गूळ बंद होऊन तिथं फुटाणे आले. चार दिवस तिनं माझ्याकडे बघितलं नाही. पाचव्या दिवशी माझ्या पुढ्यात धपाट्याचा तुकडा टाकून म्हणाली, "खा. तुझं बी बरोबर होतं. सांगायची रीत वंगाळ होती."

नावं शोधायची तिची तऱ्हा तर बघण्यासारखी होती. भेटायला आलेल्यांतल्या मुलांना ती विचारायचीच नाही. "पोरांना आय म्हंजे आय. तिला नाव असतंय हे त्यांच्या गावीच नसतंय." ती गाठायची माहेरचं माणूस. भाचा, मावसबहीण, गावची कुणी लेक. चहा पाजायची, पायाला तेल लावून द्यायची आणि नाव काढून घ्यायची.

एकदा उदगीरचे एक लिंगायत अडत व्यापारी आईला ठेवायला आले. गळ्यात लिंगाची चांदीची करंडी, कपाळाला विभूती, बोलणं भारदस्त. मोंढ्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या आज्याचं नाव विचारा, त्यांना पाठ. मावशीनं आईचं माहेरचं नाव विचारलं आणि माणूस गडबडला. "शिवगंगा," म्हणाले. मग म्हणाले, "न्हाई, ते तर आमच्या घरचं." चेहरा पडला त्यांचा. आईला ठेवून गेले. पुढच्या आठवड्यात ते परत आले ते थेट कर्नाटकातल्या भालकीजवळच्या आजोळी जाऊन. तिथल्या एका म्हाताऱ्या मामीनं नाव सांगितलं होतं. नीलव्वा. एवढा मोठा माणूस, आईच्या खाटेजवळ उभा राहून मान खाली घालून रडला. मावशीनं त्यांच्याकडून कानडीतलं एक वाक्य शिकून घेतलं. "नीलव्वा, ऊटक्के बा," म्हणजे जेवायला ये. रोज दोन्ही वेळा ती ते म्हणायची, उच्चाराची पार वाट लावून, आणि नीलव्वा ताटावर यायची.

पुरुषांची नावं कुणी बदलत नाही, म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या खुब्या. एसटीतले एक निवृत्त ड्रायव्हर होते. संडासाला जायचं म्हटलं की खिडकीशी हटून बसायचे. मावशी स्टीलच्या पेल्यावर चमचा दोनदा वाजवायची. डबल बेल! काका लगेच उठून चालायला लागायचे. एकदा चुकून एकच बेल वाजली तर मधल्या वाटेत थांबले आणि हलेचनात. आम्ही हसून हसून बेजार झालो. मावशी मात्र हसली नाही. "शिस्तीचा माणूस हाय," म्हणाली आणि पेल्यावर पुन्हा दोनदा वाजवून त्यांना पुढं नेलं.

मग वत्सलाबाई आल्या. त्यांच्याबद्दल लिहिताना अजूनही माझा हात जड होतो.

अहमदपूरकडच्या. शांत, स्वतःत बुडालेल्या, दिवसभर पदराच्या घड्या घालत बसायच्या. कुणाला काही त्रास नाही. मावशीनं त्यांचंही माहेरचं नाव शोधलं, सोनी. खारीक हातावर ठेवून म्हणाली, "सोने, ए सोने." बाईंनी डोळे मोठे केले आणि इकडंतिकडं बघून विचारलं, "बाबा आले?"

त्या दिवसापासून दुपार कलली की त्या गाठोडं बांधायच्या. एक लुगडं, एक चादर, कुणाचा तरी कंगवा. आणि फाटकाशी जाऊन बसायच्या. बाबा न्यायला येणार. उठवलं तर रडायच्या, तेही मोठ्यानं नाही, ओठ दुमडून, लहान मुलीसारखं. मावशी रोज त्यांच्याशेजारी फाटकाशी बसायची. दिवस मावळला की म्हणायची, "सोने, आजची गाडी गेली गं. उद्या येतेत." मग गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेऊन त्यांना आत आणायची. ऊन असो, वारा असो. त्या थंडीत वत्सलाबाईंच्या छातीत कफ भरला. दवाखान्यात नेताना त्या गाडीत खूश होत्या. गाठोडं मांडीवर होतं. परत आल्या नाहीत.

मावशीनं त्यानंतर कितीतरी दिवस कुणाचंच नाव घेतलं नाही. कनवटी रिकामी. मी म्हटलं, "मावशी, त्यांचं वय झालं होतं. तुमची काही चूक नाही."

"चूक कशी न्हाई? निजलेली होती ती. मी उठवलं," ती म्हणाली. "उठवून न्यायला कुणी न्हाई, मग उठवावं कामून?"

 

तिचं स्वतःचं माहेरचं नाव मी एकदाच विचारलं. आम्ही ओट्यावर मेथी निवडत बसलो होतो. बाकीच्या म्हाताऱ्या आपलं हरवलेलं नाव सांगताना हळव्या व्हायच्या, म्हणून मला वाटलं हिलाही बरं वाटेल. ती काड्या बाजूला करत म्हणाली, "सासरनं मला दोन गोष्टी दिल्या. नवऱ्याचा मार अन् गया हे नाव. नाव लई चांगलं दिलं. देवाधर्माचं नाव हाय."

"पण त्याआधीचं?"

"त्याच्या आधी मी नव्हते," ती म्हणाली आणि मेथीची जुडी घेऊन आत गेली. मला वाटलं, नेहमीचा तिरसटपणा. यामागे काही असेल, असं कधी माझ्या डोक्यातही आलं नाही.

तिचं विसरणं सुरू झालं तेव्हा आम्ही ते हसण्यावारी नेलं. भाजीत दोनदा मीठ. मला कधी बनी म्हणायची, कधी भलतंच काही. मग एकाच आजींना लागोपाठ दोनदा आंघोळ घातली. त्या बिचाऱ्या थरथरत सांगत होत्या आणि मावशी म्हणत होती, "अगं बने, आजून कुटं घातलीय?" मग एक दिवस ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मला म्हणाली, "बाई, चूल कुटं हाय हो?" ज्या चुलीसमोर तिनं अर्धं आयुष्य काढलं होतं ती समोर होती. मी तिला हाताला धरून आत नेलं आणि परत बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून रडले.

बिराजदारकाकांनी तिला बायकांच्या खोलीत खिडकीजवळची खाट दिली. काल ज्यांना ती भरवत होती त्यांच्याच रांगेत आता ती. ती पडली, कंबर दुखावली, आणि मग उठायचं सुटलं. बोलणं सुटलं. "गयामावशी" म्हटलं की पूर्वी निदान पापणी हलायची, तीही थांबली. दोन्ही मुठी आवळलेल्या, ओठ घट्ट मिटलेले. पेज, दूध, मऊ भात, काही म्हणजे काही आत जाईना. चमचा ओठांना लावला की मान भिंतीकडे.

डॉक्टर चांगले होते. खाटेशेजारी बसून मला समजावून म्हणाले, "कांचनताई, ही सुकत चाललीय. सोमवारी मी येतो. तोवर तोंडानं काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. दुसरा मार्ग नाही."

त्यांचं बरोबर होतं. पण नळीची मावशीला चीड होती. आश्रमात कुणाला नळी लागली की ती त्याच्याजवळ हात चोळत उभी राहायची. "याचं नाव कसं घ्यावं आता? हातावर काय ठेवावं?" आणि मला बजावून ठेवलं होतं, "मास्तरीण, मला ती नळी नको बग. तोंडानं गेलं तर गेलं, न्हाई तर न्हाई. नाकात सुतळी घालून बैलाला वढतेत, माणसाला न्हाई."

सोमवारच्या आत तिच्या तोंडात घास जायला हवा होता. आणि तो घालायची रीत तिनंच मला शिकवली होती. फक्त तिचं नाव माझ्याकडे नव्हतं.

तिच्या माहेरच्या गावाचा उल्लेख मात्र मी ऐकला होता. कंधार तालुक्यात, मन्याड नदीच्या काठाला. रजा टाकली, लातूर-नांदेड गाडीनं लोह्याला उतरले, तिथून कंधार, आणि कंधारहून टमटममध्ये अंग चोरून त्या गावात. गिरणीवर विचारलं. गिरणीवाला म्हणाला, "गयाबाई? किसनतात्याची बहीण असंल. ते काय, पोत्यावर बसलेत."

तात्या म्हणजे पिठानं पांढरे झालेले, मावशीसारख्याच हनुवटीचे एक म्हातारे गृहस्थ. मला घरी घेऊन गेले. त्यांच्या बायकोनं पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. बहीण अंथरुणाला खिळलीय, जेवत नाही, कदाचित लहानपणीच्या नावानं हाक मारली तर ऐकेल. तात्या ऐकत होते आणि पायानं जमीन खरवडत होते.

"नाव कशाचं आलंय, बाई," ते म्हणाले. "तिचं बारसंच केलं न्हाई."

"म्हणजे? हाक काय मारायचे?"

त्यांनी अंगावरचं पीठ झटकलं. त्यांची बायको चुलीकडून म्हणाली, "सांगा की वो. आता लपवून काय करायलाव?"

"नकुशी," तात्या म्हणाले. "पोरींच्या पाठीवर पोरगीच झाली. नको होती. असं नाव ठिवलं की पुढं पोरगा होतो म्हणायचे. तिच्या पाठीवर मी झालो. गाव म्हणलं, नाव लागू पडलं. माझ्या बारशाला समद्या गावाला जेवण. अन् तिचं नाव तेच राहिलं. नकुशे शेण काढ, नकुशे पाणी आण, नकुशे पोराला घे. माझा पाळणा तिनंच हलवला. मी बी तेच म्हणायचो, बाई. मला तरी काय कळत होतं? मोठा झालो तरी तेच म्हणायचो."

 तिथून उठून पळत सुटावंसं वाटलं. ज्या बाईनं प्रत्येकीचं लाडाचं नाव हुडकून काढलं, तिला कुणी लाडाचं नाव ठेवलंच नव्हतं. आणि मी मूर्ख, मेथी निवडता निवडता तिला विचारत होते.

तात्यांना गुडघ्यामुळे प्रवास होत नव्हता. "तिला म्हणावं…" असं त्यांनी दोनदा सुरू केलं आणि दोन्ही वेळा पुढं काही सुचलं नाही. निघताना तात्यांच्या घरच्या वहिनींनी ज्वारीच्या भाकरी फडक्यात बांधून दिल्या. "माहेरची हाय म्हणून चारा," म्हणाल्या.

परतीच्या गाडीत फडकं मांडीवर घेऊन बसले होते. सारखी तिची टाळी आठवत होती. कामाला टाळी, नावाला घास. मी तिची टवाळी केली होती. आणि वत्सलाबाई आठवत होत्या, फाटकाशी बसलेल्या. हिला तरी उठवावं का? आणि कशाला, नकुशी म्हणून? आयुष्यभर जे नाव तिनं गाडून टाकलं होतं, ते मरताना उकरून तिच्या कानात घालायचं?

बिराजदारकाकांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "तू दुसरं काहीतरी चांगलं नाव घे ना," म्हणाले. "सोनी, चिमणी. तिला काय कळणार आहे?"

मी तेही करून बघितलं. भाकरी दुधात कुस्करली, वाटी घेऊन तिच्यासमोर उकिडवी बसले, तिच्यासारखीच. सोने म्हटलं. चिमणे म्हटलं. माय म्हटलं. ती भिंतीकडे बघत राहिली. ओठांना चिरा पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सोमवार होता.

मग मी घास हातात घेतला. नुसतं नाव घ्यायला जीभ उचलेना, म्हणून आधी घास तिच्या डोळ्यांसमोर धरला आणि जितक्या मायेनं म्हणता येईल तितक्या मायेनं म्हटलं, "नकुशे… ए नकुशे."

तिची मान झटक्यात वळली. डोळे उघडले. इतक्या दिवसांत न हललेली बाई कोपर टेकून उठायला बघू लागली. "आले, आले," ती म्हणाली. आवाज एका घाबरलेल्या पोरीचा होता. "शेण काढायलेच… आले गं माय…"

"उठू नकोस," मी तिला धरलं. मी तिला कधी अगंतुगं केलं नव्हतं, त्या दिवशी आपसूक तोंडात आलं. "काम काही न्हाई. शेण काढून झालंय. तुला जेवायला बोलावलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. आपण चुकून ऐकलं असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. तिनं मागं वळून बघितलं, मागं आणखी कुणी उभं आहे की काय म्हणून. मागं भिंत होती.

"मला?" तिनं विचारलं.

त्या नावानं तिला आजवर कुणी जेवायला बोलावलंच नव्हतं. मला रडू आवरेना. हातातला घास सांडू नये म्हणून मी मनगटानं डोळे पुसले.

"हाव," मी म्हटलं. "तुलाच."

तिनं तोंड उघडलं.

नळी घालावी लागली नाही. त्यानंतर ती राहिली तोवर दोन्ही वेळा मीच तिला भरवलं. दुसऱ्या कुणाला ते नाव घेऊ दिलं नाही. घास आधी, नाव नंतर. प्रत्येक वेळी ती दचकायची, उठायला बघायची आणि मग अविश्वासानं विचारायची, "मला?" प्रत्येक वेळी मी म्हणायचे, "तुलाच." वहिनींच्या भाकरी संपल्या तरी मी आमच्याच भाकरीला माहेरची भाकर म्हणत राहिले. मी चांगलं केलं की वाईट, हे मला ठरवता आलं नाही. तिनं आयुष्यभर लपवलेली गोष्ट मी रोज दोनदा मोठ्यानं बोलत होते. एवढं खरं की ती जेवत होती.

शेवटच्या सकाळी ऊन तिच्या खाटेवर आलं होतं. ती अगदी थकली होती. मी घास घेतला आणि म्हटलं, "नकुशे, ए नकुशे." ती दचकली नाही. उठायला बघितलं नाही. मागं वळून बघितलं नाही. मी तिच्या प्रश्नाची वाट बघत थांबले.

तिनं काहीच विचारलं नाही. मूठ उघडून तळहात माझ्यापुढे धरला आणि शांतपणे माझ्याकडे बघत राहिली.